सही एकाची, पाणी सगळ्यांचं

लॉस एंजेलिसहून उत्तरेला ३९५ नंबरच्या हमरस्त्याला लागलं की साडेतीन-चार तासांत ओवेन्स नदीचं खोरं सुरू होतं. डाव्या हाताला सिएरा नेवाडाची बर्फाळ भिंत, उजव्या हाताला इन्यो आणि व्हाइट या कोरड्या, तपकिरी डोंगररांगा, आणि मधे लांबच लांब अरुंद मैदान. वर्षाचा पाऊस जेमतेम पाच-सहा इंच. या खोऱ्यात जे काही हिरवं दिसतं ते पावसावर नव्हे, सिएरावरच्या बर्फावर जगतं. उन्हाळा लागला की बर्फ वितळतो, ओढे खाली धावतात आणि नदीला मिळतात. म्हणूनच इथे १८६० नंतर गुरं आली, पाठोपाठ पाट आले, लसूणघासाची शेतं आली, सफरचंदाच्या बागा आल्या. बिशप, बिग पाइन, इंडिपेंडन्स, लोन पाइन ही चार छोटी गावं वसली.

पहिल्यांदा गेले तेव्हा बिग पाइनच्या बाहेर एका कुरणाजवळ गाडी थांबवली होती. गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला सत्तरीचा एक माणूस खांद्यावर फावडं टाकून पाटाच्या कडेने चालला होता. एके ठिकाणी तो वाकला, पाटात आडवी बसवलेली फळी उपसून बाजूला ठेवली, फावड्याने दोन ढेकळं इकडची तिकडे केली, आणि पाणी वळून गवतात पसरायला लागलं. अमेरिकेतल्या ‘रँच’बद्दल माझ्या डोक्यात घोडे, दोरखंड आणि टोप्या एवढंच होतं. हा माणूस तर चक्क दारं धरत होता. माझे मामा उन्हाळी भुईमुगाला धरायचे तशी. पाण्याकडे बघण्याची मान तीच, वाकणंही तेच. मी कुंपणाशी जाऊन बोलायला लागले. किती पिढ्या झाल्या इथे, असं विचारलं. त्याच्या पणजोबांपासून, म्हणाला. मग जमीन तुमचीच ना? तो हसला नाही. गुरं माझी, म्हणाला. जमीन तुमच्या शहराची, पाणीही तुमच्याच शहराचं.

नंतर वाचत गेले तसं कळलं की त्याने काही वाढवून सांगितलं नव्हतं. या खोऱ्यातली सुमारे अडीच लाख एकर जमीन लॉस एंजेलिसच्या पाणी-वीज खात्याच्या मालकीची आहे. शेकडो किलोमीटर दूरचं शहर इथलं सर्वांत मोठं जमीनदार आहे, आणि इथले गुरंवाले त्याची कुळं. ते ही जमीन खंडाने घेतात, आणि खंडाच्या करारात शहर जेवढं लिहील तेवढंच पाणी त्यांना मिळतं. आपल्याकडे कूळकायदा झाला. इथल्या कुळांसाठी असला कुठलाच कायदा नाही.

मी लॉस एंजेलिसमध्ये राहते, तिथे मतदार आहे, आणि हे पाणी रोज पिते. त्याआधी माझं बालपण चिंचवडमध्ये पवना धरणाच्या पाण्यावर गेलं. म्हणजे दोन्हीकडे मी नळाच्याच बाजूला राहिले. शहरांना पाणी देऊच नये असं म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि तसं माझं मतही नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: खोऱ्याबाहेर पाणी न्यायचं असेल तर होकार खोऱ्याचा हवा, एकेका सातबाऱ्याचा नव्हे. ओवेन्स खोऱ्यात शहराने एकेकाची सही घेतली. कायद्याने त्यातला जवळजवळ प्रत्येक व्यवहार चोख होता. तरीही शंभर वर्षं झाली, तंटा मिटलेला नाही. तो का मिटत नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

सुरुवात १९०५ सालची. लॉस एंजेलिसची वस्ती १९०० मध्ये लाखभर होती, १९२० मध्ये पावणेसहा लाख झाली, १९३० मध्ये साडेबारा लाखांच्या घरात गेली. गावाजवळची नदी पुरणार नाही, हे शहराचे मुख्य पाणी-अभियंता विल्यम मुलहोलंड यांनी वेळीच ओळखलं. माजी महापौर फ्रेड ईटन यांनी त्यांना ओवेन्स नदी दाखवली. तिथून शहरापर्यंत सगळा उतार. पंप नको, वीज नको, कालवा काढला की पाणी आपसूक वाहत येणार. पण त्याच सुमारास केंद्र सरकारच्या सिंचन खात्याचा अभ्यासही ओवेन्समध्ये चालू होता. खोऱ्यातल्या शेतकऱ्यांसाठी मोठं धरण आणि कालवे बांधण्याची योजना होती, आणि लोक त्या आशेवर होते. ईटन यांनी खोऱ्यात जमिनी घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्या या सरकारी योजनेसाठीच चालल्या आहेत, असा अनेकांचा समज झाला. तसं वाटायला कारणही होतं. सिंचन खात्याचे तिथले प्रमुख जोसेफ लिपिनकॉट हे ईटन यांचे स्नेही होते, आणि सरकारी नोकरीत असतानाच लॉस एंजेलिसकडून सल्लागार म्हणून पैसेही घेत होते. जुलै १९०५ मध्ये शहरातल्या वर्तमानपत्राने बातमी फोडली, तेव्हा खोऱ्याला समजलं की आपण जमीन कुणाला दिली. शेतकऱ्यांसाठीची योजना दोन वर्षांत गुंडाळली गेली. हे पाणी खोऱ्यातल्या लोकांपेक्षा शहराने वापरलं तर कॅलिफोर्निया राज्याला शेकडो-हजारो पटींनी अधिक मोलाचं ठरेल, असं अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये सांगून टाकलं.

५ नोव्हेंबर १९१३ ला सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा कालवा पुरा झाला. पाणी सोडताना मुलहोलंड यांनी केलेलं भाषण दोनच वाक्यांचं होतं: ते बघा पाणी. घ्या. अभियांत्रिकी म्हणून ते काम आजही थक्क करतं, आणि ते मी मोकळेपणाने मान्य करते. पण ते पाणी आधी गेलं कुठे, तेही सांगायला हवं. मोठा वाटा शहराजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातल्या शेतीला गेला. तिथल्या जमिनी शहरातल्या बड्या मंडळींनी आधीच विकत घेऊन ठेवल्या होत्या, आणि १९१५ मध्ये तो भाग शहरात सामील झाला. एका खोऱ्यातली शेती उठवून दुसऱ्या खोऱ्यात फुलवली गेली. ‘तहानलेलं शहर’ या शब्दांत हा भाग येत नाही.

खरा घाव मात्र दहा वर्षांनी बसला. कालव्याचं तोंड खोऱ्याच्या मध्याला होतं, त्यामुळे बिशपच्या बाजूचे वरच्या अंगाचे शेतकरी तोवर सुखरूप होते. १९२०च्या दशकात बर्फ कमी पडायला लागला, शहर वाढतच होतं, आणि मग शहराने वरचे पाट विकत घ्यायचं ठरवलं.

पाट विकत घेणं म्हणजे काय, ते आपल्या शेतकऱ्याला फोड करून सांगावं लागणार नाही. पाट एकाचा नसतो. तिथे पाटाच्या कंपन्या होत्या आणि शेतकरी त्यांचे भागीदार. दर वसंतात गाळ काढायचा, फुटलेली कड बांधायची, पाळ्या ठरवायच्या, खर्च वाटून घ्यायचा. वीस जणांचा पाट असेल आणि बारा जणांनी जमीन विकली, तर उरलेल्या आठ जणांवर वीस जणांचा खर्च पडतो, वीस जणांची अंगमेहनत पडते. वरच्याने विकलं की खालच्याला पाणी पोचत नाही. शेजारची शेतं पडीक पडली की तिथून तण येतं, उंदीर येतात, वाळू उडून येते. मग तेराव्याने विकलं तर त्याला दोष कोण देणार? आपल्याला विकायचं नाही, असं ज्याने मनापासून ठरवलं होतं, त्यालाही वर्ष-दोन वर्षांत विकावंच लागलं. एकाआड एक शेत घेऊन शहर आम्हाला बुद्धिबळाच्या पटासारखं कोंडतंय, ही त्या काळची खोऱ्यातली तक्रार होती. प्रत्येक सही स्वखुशीची. पण पहिल्या सहीनंतरच्या प्रत्येक सहीत आधीच्या सह्यांचा दाब होता.

खोऱ्याने एकत्र यायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १९२२ च्या अखेरीस तिथल्या मतदारांनी मोठ्या बहुमताने एक सिंचन जिल्हा स्थापन करायला मंजुरी दिली. सगळे पाट एका छत्राखाली आणायचे आणि शहराशी सौदा एकाच तोंडाने करायचा, असा विचार होता. पुढच्याच वर्षी शहराने मॅकनॅली नावाच्या जुन्या, मोठ्या पाटाच्या शेतकऱ्यांना गाठून बहुतेक सगळा पाट विकत घेतला आणि ती एकजूट उभी राहण्याआधीच मोडली. या साऱ्या कहाणीत मला सर्वांत जास्त खटकतं ते हे. सुरुंग नंतरचे, बंदुका नंतरच्या. खोऱ्याने रीतसर मतदान करून ‘आम्ही एक आहोत’ असं म्हटलं होतं, आणि शहराने त्याचं उत्तर एकेकाच्या दारात चेकबुक नेऊन दिलं.

मग जे व्हायचं ते झालं. मे १९२४ मध्ये कालव्याला पहिला सुरुंग लागला. १६ नोव्हेंबर १९२४ ला लोन पाइनच्या उत्तरेला अलाबामा गेट्स इथे सत्तरेक माणसांनी कालव्याचे दरवाजे ताब्यात घेतले आणि सगळं पाणी जुन्या नदीपात्रात सोडून दिलं. चार दिवस ते पाणी नदीतून वाहिलं. बायका-मुलं जेवणाचे डबे घेऊन आली, गावंच्या गावं तिथे लोटली, जवळच सिनेमाचं शूटिंग करणाऱ्या टॉम मिक्स या नटाने आपले वादक पाठवले. शेरीफ आला आणि परत गेला, कारण जमावात त्याच्या ओळखीचीच माणसं होती. हे दरवाजे आजही रस्त्यावरून दिसतात. पुढे १९२७ मध्ये सुरुंगांची मालिकाच झाली. पण त्याच ऑगस्टमध्ये या लढ्याचे पुढारी वॉटरसन बंधू यांच्या बँका बुडाल्या. त्यांनी ठेवींची अफरातफर केल्याचं कोर्टात सिद्ध झालं आणि दोघेही तुरुंगात गेले. जमीन विकून आलेला पैसा अनेकांनी त्याच बँकांत ठेवला होता. तिथे लढा संपला. १९३३ पर्यंत खोऱ्यातली ९५ टक्के शेतजमीन आणि गावांतली ८५ टक्के मालमत्ता शहराची झाली होती.

आता दुसरी बाजू, आणि ती नीट ऐकायला हवी. या व्यवहारांचा अर्थशास्त्राच्या अंगाने अभ्यास करणाऱ्यांनी दाखवून दिलंय की शहराने दिलेला भाव निव्वळ शेतीच्या हिशेबाने वाईट नव्हता. शेती करत राहून जे मिळालं असतं त्याहून विकणाऱ्यांच्या हातात अधिक पडलं. लुबाडणुकीची जी कथा सिनेमा-कादंबऱ्यांनी रंगवली, ती जमिनीच्या भावापुरती तरी खरी ठरत नाही. मला हे पटतं. फसवणूक झाली ती १९०५ मध्ये, हेतू लपवण्यात. विशीच्या दशकातले बरेच सौदे उघड्या डोळ्यांनी झाले.

पण हे मान्य केलं तरी मूळ प्रश्न तसाच राहतो. भाव जमिनीचा दिला गेला. बिशपच्या लोहाराला काय मिळालं? दुकानदाराला, शाळेच्या बाईंना, गुरांच्या डॉक्टरला? शेतं गेली तसं गिऱ्हाईक गेलं आणि मुलांनी गाव सोडलं. गावांचं नुकसान भरून मागायला कायद्यात वाट मिळावी म्हणून १९२५ मध्ये राज्याच्या विधिमंडळात वेगळा कायदा करावा लागला, आणि शेवटी शहराने काय केलं तर गावातली घरं-दुकानंही विकतच घेतली. त्याहून महत्त्वाचा आणखी एक दाखला याच अभ्यासांत आहे. जिथे पाटावरचे शेतकरी गट करून सौद्याला बसले, तिथे त्यांना एकट्यादुकट्यापेक्षा चांगला भाव मिळाला. आणि तरीही या पाण्याने शहराच्या जमिनींचं जे मोल वाढलं, त्यापुढे खोऱ्याला मिळालेली रक्कम किरकोळ होती. शहराला मिळालेला लाभ सामुदायिक होता आणि कायमचा. खोऱ्याला मिळालेली किंमत वैयक्तिक होती आणि एकदाची. हे दोन तराजूच वेगळे आहेत, त्यामुळे ‘भाव योग्य होता’ या वाक्याने हिशेब पुरा होत नाही.

आणि त्या शेतकऱ्यांचा हक्क तरी किती निखळ होता? हा प्रश्न टाळून ओवेन्सबद्दल बोलणं मला अप्रामाणिक वाटतं. गोरे गुरंवाले येण्याच्या कितीतरी आधीपासून इथले मूळ रहिवासी पायूट लोक या खोऱ्यात पाट काढून ओलीत करत होते. ते पीक पेरत नसत. कंद देणाऱ्या रानगवतांना ओढ्याचं पाणी वळवून देत आणि शरदात कंद काढत. बिशपच्या ओढ्यावर दर वर्षी सगळ्यांच्या सभेत एक पाणी सांभाळणारा निवडला जाई. कुठल्या भागाला या वर्षी पाणी द्यायचं, कुठला भाग विसावा घेऊ द्यायचा, हे ठरलेलं असे, आणि पाणी वळवायचं काम त्याचं. हे वाचलं तेव्हा मला धुळ्याकडची फड पद्धत आठवली. पांझरेवरचे दगडी बंधारे, गावाने नेमलेला पाटकरी, जागल्या, आणि कुठल्या फडात कुठलं पीक हे ठरवणारी पंचमंडळी. दोन्हीकडची माणसं एकमेकांना माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं, तरी दोन्हीकडे एकच शहाणपण सुचलं: पाणी सगळ्यांनी मिळून नेमलेल्या माणसाच्या हातात द्यायचं.

१८६१ पासून गुरं या कंदांच्या माळावर चरायला लागली. त्यातून लढाई पेटली. १८६३ च्या उन्हाळ्यात लष्कराने हजाराच्या आसपास पायूट माणसांना, बायका-मुलांसकट, तीनशेहून अधिक किलोमीटर चालवत टेहोन किल्ल्यावर नेलं. वाटेत कितीतरी गळाले. मागे राहिलेल्या पाटांचा उपयोग नव्या वसाहतीला झाला. पुढे बरेच जण परत आले आणि आपल्याच जुन्या जमिनीवर गोऱ्यांच्या रँचवर मजुरी करू लागले. रँच विकल्या गेल्यावर ती मजुरीही गेली. विक्रीच्या कुठल्याच कागदावर त्यांची सही नव्हती, कारण त्यांच्या नावावर जमीन नव्हती. होकार सातबाऱ्यावरून ठरवला की असं होतं. जो सर्वांत आधीपासून तिथे आहे आणि ज्याला सर्वांत जास्त गमवायचं आहे, तोच यादीत नसतो.

नेमकं हेच आपल्याकडे मुळशीत घडलं, आणि तेही त्याच वर्षांत. १९२१ मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशी सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापटांनी तो पुढे नेला. ‘जान किंवा जमीन’ ही कसणाऱ्या मावळ्यांची भाषा होती. पण बऱ्याच जमिनीची कागदावरची मालकी पुण्याच्या सावकारांकडे होती, आणि त्यांच्यातल्या अनेकांना मोबदला किती मिळतो यात अधिक रस होता. मालकाने हो म्हटलं की कसणाऱ्याचं नाही म्हणणं हवेत विरतं. तिथे सरकारी भूसंपादन होतं, ओवेन्समध्ये खुली खरेदी. वाटा वेगळ्या होत्या, पण दोन्हीकडे विचारलं गेलं ते फक्त कागदावरच्या नावाला.

आता मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगते. १९३०च्या दशकात केंद्र सरकारने पायूट लोकांसाठी लॉस एंजेलिसशी जमिनीची अदलाबदल केली. पायूटांसाठी राखून ठेवलेली सुमारे २,९०० एकर जमीन शहराने घेतली आणि बिशप, बिग पाइन, लोन पाइन इथे सुमारे १,४०० एकर दिली. जमीन बदलली, पण पाण्याचे हक्क शहराने दिले नाहीत. कारण सांगितलं गेलं ते असं: शहराच्या सनदेनुसार शहराचे पाण्याचे हक्क दोन-तृतीयांश मतदारांच्या मंजुरीशिवाय कुणालाही देता येत नाहीत. महापौर देऊ शकत नाही, नगरसभा देऊ शकत नाही.

हा नियम मला मनापासून आवडतो. तो करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं की पाणी ही इतर मालमत्तेसारखी वस्तू नाही. ते गेलं तर आज मत देणाऱ्यांचंच नव्हे, पुढे जन्मणाऱ्यांचंही जातं, म्हणून ते द्यायचं तर सगळ्यांना विचारूनच द्यावं. मग शहराला स्वतःसाठी जी गोष्ट इतकी स्पष्ट दिसली, ती खोऱ्यासाठी का दिसू नये? लॉस एंजेलिसने खोऱ्याला हाच नियम लावला असता, म्हणजे पाटावर जगणाऱ्या सगळ्यांचं, मालक, कूळ, मजूर, दुकानदार, पायूट, अशा सगळ्यांचं मतदान घेऊन दोन-तृतीयांश होकार मिळवला असता, तर कदाचित कमी पाणी मिळालं असतं, महाग मिळालं असतं. पण जे मिळालं असतं त्यासाठी शंभर वर्षं कोर्टात भांडावं लागलं नसतं.

यावर लोक म्हणतात की असा नियम केला तर मूठभर खेडूत लाखोंच्या शहराला वेठीला धरतील. दोन-तृतीयांशमध्ये एकट्या अडेलतट्टूला कुणाला अडवताच येत नाही. वेठीला धरण्याची भीती खरं तर एकेकट्याच्या सौद्यात जास्त असते. शेवटी उरलेला हट्टी मालक मनमानी भाव मागतो, आणि हे ओवेन्समध्येही झालं. ईटन यांनीच लाँग व्हॅलीतली धरणाची जागा इतकी महाग सांगितली की शहराने वर्षानुवर्षं तिथे धरण बांधलं नाही. शहराला दोन सह्यांमध्ये वाट शोधावी लागण्यापेक्षा समोर एकच संस्था असलेली केव्हाही बरी.

तसं न केल्याची किंमत शहरालाही मोजावी लागली आहे. नदी वळवल्यावर ओवेन्स सरोवर १९२६ पर्यंत आटलं. सुमारे २८० चौरस किलोमीटरचं सरोवर, ज्यावर १८७० च्या दशकात चांदीच्या लगडी वाहणारी आगबोट चालायची. तळाच्या क्षारांची धूळ वाऱ्यावर इतकी उडायची की ही जागा अनेक वर्षं अमेरिकेतलं धुळीच्या प्रदूषणाचं सर्वांत मोठं ठिकाण होती. कायद्याने भाग पाडल्यावर लॉस एंजेलिसने तिथे उथळ पाणी पसरवलं, खडी टाकली, खारं गवत लावलं. त्यावर आजवर दोन अब्ज डॉलरहून अधिक खर्च झाला आहे. १९७० मध्ये दुसरा कालवा झाला आणि शहर मोठ्या प्रमाणावर भूजल उपसायला लागलं. झरे आटले, गवताळ माळ वाळले, तेव्हा इन्यो काउंटी, म्हणजे या खोऱ्याचा जिल्हा, कोर्टात गेली. १९९१ मध्ये करार झाला, तरी खालच्या पात्रातल्या शंभरेक किलोमीटर नदीत पुन्हा पाणी सोडायला २००६ उजाडलं, तेही कोर्टाने रोज ५,००० डॉलर दंड लावल्यावर.

आणि आजच्या गुरंवाल्याचं काय? २०१८ मध्ये शहराने वरच्या अंगाला, मोनो काउंटीत लाँग व्हॅलीजवळच्या रँचना नव्या खंडाचे मसुदे पाठवले. त्यात सिंचनाचं पाणी नव्हतं. ज्या कुरणांना पिढ्यानपिढ्या उन्हाळी पाणी मिळत आलं, ती कोरडी गुरंचराई म्हणून भाड्याने घ्या, असा त्याचा अर्थ. काउंटी कोर्टात गेली, खालच्या कोर्टात जिंकली, वरच्या कोर्टाने २०२२ मध्ये निकाल फिरवला. त्या कुरणांत नुसती गुरं चरत नाहीत. ओल्या गवतात सेज ग्राऊस नावाचे पक्षी आपली पिल्लं वाढवतात. पाणी आलं नाही तर गवत जातं, पाठोपाठ पक्षी जातात, आणि सुकलेला माळ आगीला आमंत्रण ठरतो. हे नुकसान कुणाच्या खंडपत्रात लिहिलेलं नसतं.

मला कबूल करायला हवं की शहर जमीनदार झाल्यामुळे एक गोष्ट वाचली. ओवेन्स खोऱ्यात प्लॉट पडले नाहीत, बंगल्यांच्या वसाहती झाल्या नाहीत, डोंगर मोकळे दिसतात. फिरायला येणाऱ्या माझ्यासारखीला ते सुंदर वाटतं. पण रिकामपणा हे कुणाच्या तरी जाण्याचं फळ आहे, हे मान्झानारला उभं राहिलं की लख्ख कळतं. या स्पॅनिश नावाचा अर्थच सफरचंदाची बाग. १९१० नंतर इथे बागायतदारांचं गाव होतं. शहराने विशीच्या दशकात ते विकत घेतलं, झाडांचं पाणी तुटलं, माणसं गेली. १९४२ मध्ये त्याच रिकाम्या जागेवर सरकारने काटेरी तारा लावून दहा हजारांहून अधिक जपानी-अमेरिकन माणसांना कोंडलं. त्यांनी मरणाला टेकलेली जुनी झाडं पुन्हा जगवली. त्यातली काही पेअरची झाडं अजून उभी आहेत. सप्टेंबरात मी त्यातल्या एकाखाली उभी होते. खोड आतून पोखरलेलं, एक अख्खी बाजू मेलेली, आणि दुसऱ्या बाजूच्या फांदीला लहान, कडक पेअर लगडलेले.

महाराष्ट्रात हा प्रश्न जुना झालेला नाही. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन माणसं गेली. माझं बालपण ज्या नळाच्या पाण्यावर गेलं, त्याच नळासाठी. शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं. पाणी नदीतून वाहत गेलं तर वाटेत आमच्या मोटारी चालतात, बंद नळातून गेलं तर नदी आमच्यापुरती मेली. आपल्याकडे पाणी सरकारचं, त्यामुळे एकेकाची सही घ्यायचीही गरज पडत नाही. मंत्रालयात टिपण मंजूर झालं की शेतीचं पाणी शहराला किंवा कारखान्याला वळतं. भातसा, तानसा, वैतरणा ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी देतात, तिथल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर येतात. लाभक्षेत्रातल्या पाणीवापर संस्थांना कायद्याने स्थान दिलं, ते चांगलंच झालं. पण धरणातलं पाणी खोऱ्याबाहेर किंवा शेतीबाहेर वळवताना त्या संस्थांचं आणि वरच्या अंगाच्या गावांच्या ग्रामसभांचं मतदान बंधनकारक करायला हवं. आणि मोबदला एकरकमी न देता दरवर्षी, पाण्याच्या प्रत्येक घनमीटरमागे, त्या खोऱ्याच्या नावाने जमा व्हायला हवा. शहराची पाणीपट्टी त्यामुळे वाढेल. वाढू दे.

लॉस एंजेलिसमध्ये मतपत्रिका टपालाने घरी येते. महापौर, न्यायाधीश, शाळामंडळ, रस्त्यांसाठी कर्जरोखे, असं कायकाय त्यावर असतं. जेवणाच्या टेबलावर बसून आम्ही ती भरतो. पायूट लोकांचा पाण्याच्या हक्काचा प्रश्न अदलाबदलीच्या वेळी बाजूला ठेवला गेला, तो अजून सुटलेला नाही. सनदेतला तो दोन-तृतीयांशचा नियम लावायचा तर त्यावर मत द्यायचा अधिकार बिग पाइनमध्ये फावडं घेऊन फिरणाऱ्या त्या म्हाताऱ्याला नाही, पायूटांनाही नाही. तो मला आहे. इतक्या वर्षांत तो प्रश्न माझ्या मतपत्रिकेवर एकदाही आलेला नाही. तो यावा म्हणून मी माझ्या नगरसेवकाला दोनदा लिहिलं आहे, आणि या वर्षी शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन तिसऱ्यांदा लिहिते आहे.